एक परस म्हणजे नेमका केवढा

त्या शनिवारी सकाळी जानराव तायड्यांनी आपल्या लेकीला तीन गोष्टी विचारल्या. चहा घेतं का? माह्या कम्प्युटरसंगं शर्यत लावतं का? अन जरा त्या भितीजवळ उभी राहतं का, एक काम हाय. प्रियदर्शनीने पहिलीला हो म्हटलं, दुसरीला नाक मुरडून हो म्हटलं आणि तिसरीला, लॅपटॉपमधून डोकं वर न काढता, “नंतर, बाबा,” असं सांगितलं.

ती पुण्याहून दोन दिवसांसाठी अमरावतीला आली होती. एका मोठ्या कंपनीत ती डेटा साफ करायचं काम करायची. तिची आई चतुराबाई शेजारणींना सांगायची, “आमची पोरगी निवडते.” शेजारणी विचारायच्या, “काय निवडते?” त्यावर चतुराबाई म्हणायची, “आकडे.” मग शेजारणी “बरं हाय बाप्पा, हात तरी खराब होत नाहीत” म्हणून समाधानाने निघून जायच्या.

जानरावांचा धंदाही तोच, फक्त पगार नव्हता. आधी ते सरकारी कचेरीत अनुरेखक होते. नकाशांवर पातळ कागद ठेवून शाईने रेघा ओढायच्या, एवढंच काम. पण रेघ अशी की मोडीत काढलेल्या नकाशालाही साहेब दाद द्यायचे. मग कचेरीत संगणक आले आणि एका सकाळी त्यांचं तिरकं टेबल कोणीतरी उचलून जिन्याखाली नेलं. जानरावांनी तक्रार केली नाही. बावन्नाव्या वर्षी नाव घालून ते क्लासला जाऊन बसले आणि झेरॉक्स केलेल्या एका फाटक्या पुस्तकावरून ऑक नावाची जुनीपुराणी भाषा शिकले. का तीच? तर म्हणाले, “पुस्तक पातळ होतं.”

त्या भाषेला काहीतरी काम द्यायला हवं म्हणून त्यांनी विहिरी धरल्या. आधी ओळखीच्या तीन. एकोणीस वर्षांत त्या एकशे चाळीस झाल्या: परतवाडा, अंजनगाव सुर्जी, अकोट, असा सगळा पट्टा. प्रत्येक विहिरीचा एक मोजणारा. तो सकाळी पाण्याला टेकेपर्यंत दोर सोडायचा आणि काठापासून पाण्यापर्यंतचा दोर वर ओढत दोन्ही हात फाकवून मोजायचा. हात फाकवले की एक परस. मग जानरावांना निरोप यायचा, “पानी चार परस.” आधी फोनवर, नंतर ग्रुपवर. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता जानराव सगळ्या विहिरींची फुटांतली यादी पाठवायचे. कोणी न सांगता गावागावांनी एक नियमही करून टाकला होता: यादीत ज्याची विहीर तीन फुटांहून जास्त उतरली, त्याने मोटर चार दिवस बंद ठेवायची. भांडण नाही, पंचायत नाही. यादीत आलं म्हणजे आलं.

यादीच्या शेवटी एक ओळ असायची. ‘या हप्त्याचे आभार :’ आणि पुढे एका मोजणाऱ्याचं नाव. पाळीपाळीने. एकशे चाळीस लोक म्हटल्यावर पावणेतीन वर्षांतून एकदा नंबर लागायचा.

अडचण एवढीच होती की ग्रुपवर फक्त पाणी येत नसे. गुलाबाच्या फुलासकट शुभ सकाळ यायची, लग्नपत्रिका यायच्या, हरवलेल्या म्हशीचा पत्ता यायचा, कद्दूच्या रसाचे चौदा फायदे यायचे. हे सगळं जानराव जसंच्या तसं एकाच फाइलमध्ये साठवत आले होते. दोन कोटी ओळी. त्यातून रोजचं पाणी तेवढं वेगळं काढायचं, हे ऑकचं काम.

“बाबा, हे कावून अजून वापरून राहिले तुमी?” प्रियदर्शनी म्हणाली. घरात पाय टाकला की तिची पुण्याची भाषा चपलांबरोबर दाराशीच राहायची. “पूरं जग पायथनवर गेलं.”

“पायथन म्हंजे अजगर ना वं? मंग त्याचं अजगरासारखंच हाय. आधी पुरी फाइल गिळते, मंग हलता येत नाही त्याले.”

“टुकडे करून देता येते, बाबा.”

“आयक. ग्रेप म्हंजे चाळनी. पायजे ते वर, बाकी खाली. सेड म्हंजे सुई. उसवलं तिथं टाका घाला. अन ऑक म्हंजे सूप. एक एक ओंजळ घ्या, पाखडा, फोल उडवा, दाना ठेवा. ढीग केवढा का असंना, सुपाले काय फरक पडते?”

“अन पायथन?”

“गिरनी. मी वाईट नाही म्हनत गिरनीले. पन पाखडल्याबिगर गिरनीत टाकलं तं दगडाचंही पीठ होते. मंग बसा शोधत.”

“इतकं सूप कळते तं या ना इकडं गहू पाखडाले,” आतून चतुराबाईचा आवाज आला. “चाळीस वर्सात हात नाही लावला सुपाले, अन पोरीले शिकवून राहिले.”

शर्यत झाली. जानरावांचं यंत्र एका शाळेने मोडीत काढलेलं, त्याच्या पडद्यावर चतुराबाईने विणलेली झालर. त्यांनी एक ओळ टाइप केली, कळ दाबली आणि चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले. प्रियदर्शनीच्या लॅपटॉपने फाइल गिळायला घेतली, त्याचा पंखा घरघरू लागला, मग पडदा पांढरा पडला, मग बाण गोल फिरत बसला. जानराव तीन कप घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांच्या पडद्यावर एकशे चाळीस विहिरी ओळीने उभ्या होत्या आणि लेक लॅपटॉपचं बटण दाबून धरून त्याला ठार करत होती.

“मंग?” जानराव म्हणाले. “कसं हाय आपलं ऑक?”

प्रियदर्शनीने चहाचा घोट घेतला. एकोणीस वर्षं ते हा प्रश्न अधूनमधून विचारत आले होते.

“चालते,” ती म्हणाली.

“चालते म्हने!” जानराव बायकोला ओरडून सांगायला गेले, जसं काही लेकीने शाल-श्रीफळ दिलं होतं.

रविवारी सकाळच्या गाडीने ती पुण्याला परतली. संध्याकाळी सात वाजता यादी आली. मंगळवारी दुपारी जानराव बाजारातून आंबाडीची जुडी घेऊन आले, खुर्चीत बसले, आणि उठले नाहीत.

पुढच्या रविवारी यादी गेली नाही. त्या आठवड्यात एकशे चाळीस मोजणाऱ्यांनी न चुकता पाणी कळवलं, पण त्यापलीकडे ग्रुपवर कोणी शब्द टाकला नाही. गुलाब नाही, कद्दू नाही, म्हैस नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच फाइल स्वच्छ होती.

त्यानंतरच्या शनिवारी जानरावांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्याआधी लोक यायचे म्हणून प्रियदर्शनीने समोरच्या खोलीला रंग देऊन घेतला. तिथली एक लांब भिंत पेन्सिलीच्या खुणांनी पार बरबटलेली होती. उभ्या बारीक रेघा, त्यांच्याजवळ मुंगीएवढी अक्षरं. बाबा फोनवर बोलता बोलता गिरगटत असतील, असं तिला वाटलं. रंगाऱ्याने दोन हात मारले आणि भिंत छान बदामी झाली. चतुराबाई आतून आली, भिंतीकडे पाहत उभी राहिली, “झालं,” म्हणाली, आणि आत गेली.

रविवारी दुपारी तीच बाहेर येऊन म्हणाली, “आज यादी गेली पायजे.”

“आई, आज?”

“एक रईवार गेला खाली. दुसरा गेला का लोकायची सवय मोडन. मंग ज्याच्या त्याच्या मनानं मोटर.”

प्रियदर्शनी वडिलांच्या यंत्रासमोर बसली. चारशे बारा ओळींचं ऑक होतं ते. नावं सगळी घरची: एका चलाचं नाव ‘फोल’, एकाचं ‘दाना’. कुठे काही समजावून सांगितलेलं नाही. आणि मध्येच ते ‘हात’ नावाची एक वेगळी फाइल उघडून त्यातून आकडे घेत होतं. तिने ती फाइल पाहिली. नाव आणि आकडा, नाव आणि आकडा. प्रिया ५.०८. नत्थुजी ५.१७. श्याम ६.४. पार्बताबाई ४.८३, मग खाली पुन्हा पार्बताबाई, पण ४.५२. ती हसली. नोकरीत तिने असले आकडे शंभरदा पाहिले होते. उत्तर जुळत नाही म्हटलं की जुनी माणसं कुठून तरी एक आकडा आणून ठोकतात आणि गाडी पुढे ढकलतात. बिचारे बाबा.

तिने सगळं नव्याने लिहिलं, पायथनमध्ये, नीट तुकडे करून, अजगराला एकेक घास भरवत. ते ठोकून दिलेले आकडे काढून टाकले आणि शब्दकोशात पाहून एकच स्वच्छ ओळ लिहिली: एक परस म्हणजे सहा फूट. ‘आभार’ची ओळही तिला यादीत उपरी वाटली, तीही गाळली. सातला पाच कमी असताना यादी तयार झाली. वडिलांच्या यादीपेक्षा देखणी होती. उतरलेल्या विहिरी लाल रंगात होत्या. लाल जरा जास्त दिसत होत्या खऱ्या, ब्याण्णव, पण डिसेंबर होता, हरभऱ्याला पाणी चालू होतं. तिने सात वाजता यादी पाठवली आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवली.

सोमवारी सकाळी फोन वाजला. अंजनगावजवळच्या एका खेड्यातले नत्थुजी होते. त्यांचा पानमळा होता, आणि जानराव असताना महिन्यातून एकदा ते कागदात गुंडाळलेली पानं पाठवायचे.

“जय भीम, बाई. यादी पायली. माही विहीर सव्वातीन फूट खाली गेली.”

“हो काका. तुमी पाहिली का विहीर?”

“पायली ना. पानी जाग्यावरच हाय.”

“मंग?”

“मंग काय? मोटर बंद केली.”

प्रियदर्शनीला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. “पानी जाग्यावर हाय म्हनता, मंग मोटर कावून बंद केली?”

“यादीत हाय ना वं! माहा डोळा सत्तर वर्साचा, त्यात आपरेशन झालेला. तो चुकू शकते. यादी थोडीच चुकन?” नत्थुजी सांगत राहिले. “वेल सुकतीन चार दिसात. पानाच्या वेलाले रोज पानी लागते. पन जानरावजीच्या मांगं पयलीच यादी, अन ती नत्थुनं मोडली, असं नको व्हाले.”

ती काही बोलणार तोच नत्थुजी आवाज खाली आणून म्हणाले, “एक सांगू का, वाईट नको वाटून घेऊ. दुःखाचं घर हाय. पन या हप्त्यात आभाराचा नंबर माहा होता.”

फोन ठेवला न ठेवला तोच दुसरा. हा अकोटकडचा श्याम, उंचापुरा गडी. त्याची विहीर यादीप्रमाणे दोन फुटांनी चढली होती, म्हणून त्याने दुसरी मोटर टाकली होती, आणि बांधाला बांध असलेला लाल यादीतला शेजारी आता काठी घेऊन उभा होता. “ताई, तुमी जरा सांगा ना याले. मी यादीपरमानंच चालून राहिलो.” मागून शेजाऱ्याचा आवाज येत होता, “एकाच झऱ्याचं पानी, तुहं चढते अन माहं उतरते? झरा काय तुह्या सासऱ्याचा हाय?”

तिसरा फोन परतवाड्याकडच्या पार्बताबाईचा.

“बाई, माही विहीर बत्तीस फूट खोल हाय.”

“बरं, मावशी.”

“यादी म्हनते पानी छत्तीस फुटावर हाय.”

प्रियदर्शनीने डोळे मिटले.

“म्हंजे बुडाच्या खाली चार फूट,” पार्बताबाई शांतपणे म्हणाली. “मी सकायी बादली टाकली तं भरून आली. म्हनलं, हे पानी कोनाचं हाय मंग? पन जानराव भाऊची यादी हाय, तिले कारन असंन. पोरायनं ठरवलं, विहीर गेली, आता बोअर माराचं. बोअरची गाडी दोन वाजता येऊन राहिली. इचारासाठी फोन केला, का चार फुटावर लागन का जास्त खोल जा लागन?”

“मावशी, बोअर मारू नका! यादी चुकली हाय. माही चूक झाली.”

पार्बताबाई मायेने म्हणाली, “तू काही खाल्लं का, माय?”

प्रियदर्शनीने घाईने ग्रुपवर लिहिलं, ‘कालची यादी चुकलेली आहे. कृपया मोटारी बंद ठेवू नका. माझी चूक आहे. प्रियदर्शनी.’ आणि इथे खरा घोटाळा झाला. कोणीच विश्वास ठेवला नाही. पहिलं उत्तर श्यामचं आलं, ‘ताई टेन्शन घेऊ नका, यादी बरोबर आहे.’ मग कोणीतरी लिहिलं, ‘बाईच्या मनाची काय हालत असंन, कोनी तिले सवाल करू नका.’ तिसऱ्याने लिहिलं, ‘लोकायचं नुकसान नको म्हनून बिचारी स्वतावर घेऊन राहिली. बापावर गेली.’ आणि चौथ्याने ठरावच मांडला: ‘ज्याची मोटर चालू दिसन त्याचं नाव ग्रुपवर टाका.’ दहा मिनिटांत पंचेचाळीस अंगठे. ज्या मोटारी अजून चालू होत्या, त्याही बंद झाल्या.

साडेनऊ वाजले होते. दोन वाजता बोअरची गाडी. तिच्या लक्षात आलं, ही माणसं निरोपाला मानत नाहीत, यादीला मानतात. चुकलेल्या यादीला दुसरी यादीच खोडू शकेल, आणि ती वडिलांच्या यादीसारखी यादी पाहिजे. ती पुन्हा त्या झालरवाल्या पडद्यासमोर जाऊन बसली. चतुराबाई शेजारी मेथी निवडत होती.

“आई, पार्बताबाई सहा परस म्हनते. सहा सक छत्तीस. मंग पानी विहिरीच्या खाली कसं गेलं?”

“कोनाचे सहा परस?”

“कोनाचे म्हंजे? परस म्हंजे परस.”

चतुराबाईने मेथीची काडी हातातच ठेवून लेकीकडे पाहिलं. “पार्बताबाईचा परस तुह्या सहा फुटाचा असंन का वं? एवढीशी बाई हाय ते. उभी राहिली तं माह्या खांद्याले लागते.”

“मंग हे चार पॉइंट बावन्न...”

“पार्बताबाईचे हात,” चतुराबाई म्हणाली. “अन पाच पॉइंट सतरा नत्थुजीचे.”

प्रियदर्शनी हळूहळू वळून त्या बदामी भिंतीकडे पाहू लागली.

“दवाखान्यात कोनी आलं, कोर्टात आलं, पोराच्या अ‍ॅडमिशनले आलं, का त्याइले घरी बलावाचे तुहे बाबा. तो खिळा दिसते ना कोपऱ्यात? त्याले डाव्या हाताचं बोट लावाचं, हात फाकवून भितीले चिपकाचं, अन उजवं बोट जिथं येईन तिथं बाबा पेन्सिल माराचे. मंग चहा. कोनी कोनी तं लाजाचे. श्याम म्हने, काका, पोलिसानं धरल्यासारखं वाटते.”

“आई, तू बोलली कावून नाही? मी रंग दिला तवा?”

“मले वाटलं तुले माहीत हाय,” चतुराबाई म्हणाली. “सगळ्यात पयले तूच तं उभी होती तिथं.”

प्रियदर्शनीने ‘हात’ फाइल पुन्हा उघडली आणि पडदा या वेळी उजवीकडे सरकवला. खूप उजवीकडे. अनुरेखक माणूस, समास मोठा सोडायची सवय. तिथे, रिकाम्या जागेपलीकडे, प्रत्येक आकड्यासमोर शेरा होता.

‘पार्बताबाई ४.५२, १९ जुलै २०१४ पासून. डावा हात मोडला, बांधणाऱ्याने वाकडा बांधला. सुनेला मोजू देत नाही.’ ‘नत्थुजी, डिसेंबर ते फेब्रुवारी ५.१०. थंडीत खांदा धरतो.’ ‘श्याम ६.४. ताडाचं झाड.’ एका माणसासमोर लिहिलं होतं, ‘बायको माहेरी गेली की न मोजता कालचाच आकडा पाठवतो. तीन दिवस सारखा आला तर धरू नये.’ आणि ऑकमध्ये खरंच त्या एका माणसासाठी तशी ओळ होती. एकशे चाळीस माणसांचे खांदे, मोडलेले हात, थंडी, आळस, सगळं त्या चारशे बारा ओळींना माहीत होतं. ठोकून दिलेला आकडा सगळ्या प्रकरणात एकच होता: सहा. तो तिचा होता.

नोकरीच्या बारा वर्षांत तिने पुष्कळ हुशार माणसांचं काम पाहिलं होतं. असं काम पाहिलं नव्हतं. तिने स्वतः तो दगड गिरणीत टाकला होता, आणि पीठ ब्याण्णव विहिरींना वाटलं होतं.

“आई, चहा ठेव,” ती म्हणाली आणि वडील टाकायचे तीच ओळ टाकून कळ दाबली.

चहा उकळेपर्यंत यादी आली. लाल-बिल रंग नाही. एकशे चाळीस विहिरी ओळीने. उतरलेल्या फक्त दोन. तळाशी आपोआप उमटलेलं, ‘या हप्त्याचे आभार : नत्थुजी’. तिने अक्षरही न बदलता ती ग्रुपवर पाठवली आणि वर काही लिहिलं नाही.

पाच मिनिटांनी नत्थुजींचा आवाजातला निरोप आला. आठ सेकंदांचा. त्यात नत्थुजी नव्हतेच. नुसती मोटर चालू असल्याचा आवाज होता. मागोमाग श्यामचा निरोप आला, की दुसरी मोटर काढली, शेजारी काठीसकट चहाला बसला आहे. आणि साडेबाराला पार्बताबाईचा फोन.

“गाडीवाल्याले रस्त्यातूनच परत पाठवलं. म्हनलं, पाताळात जा नाही लागत, पानी सापडलं. मले सकायीच वाटलं होतं, का हे यादी भाऊची नाही. तिच्यात आभार नव्हते.”

“मावशी, मंग बोअरची गाडी कावून बलावली?”

“यादी होती ना वं,” पार्बताबाई म्हणाली.

दुपारी एक वाजता कोणीतरी ग्रुपवर गुलाबाचं फूल टाकलं, शुभ सकाळसकट. मग एक लग्नपत्रिका आली. मग कद्दूच्या रसाचे चौदा फायदे. फाइल पुन्हा घाण व्हायला लागली, आणि प्रियदर्शनी ते पाहत कितीतरी वेळ बसून राहिली.

मग तिला फाइलमधली पहिली ओळ आठवली. प्रिया ५.०८. घरात तिला असं छोटं करून कोणी हाक मारत नसे; काल तिला वाटलं होतं, असेल कोणी मोजणारी. तिने चाळणी घेतली. ग्रेप, प्रिया, हात. कळ दाबली.

‘प्रिया ५.०८, ११ जून २००६. पहिलं माप. कुरकुरली.’
‘प्रिया ५.२१, मे २००८. वाढली.’
‘प्रिया ५.२९, जुलै २०१२. पुण्याला चालली. आली की मोजणे.’

त्याखाली आकडे नव्हते, नुसते शेरे. ‘मे २०१४. आली होती. घाईत होती.’ ‘ऑक्टोबर २०१७. आली होती. फोनवर होती.’ ‘२०२१. आली होती. साथ आहे, लांबून बोललो.’ आणि शेवटचा, ‘२९ नोव्हेंबर २०२५. नंतर म्हणाली.’

ती विहिरी मोजणारी नव्हती. तिची विहीरच नव्हती. तरी दर वेळी ऑक सुरू व्हायचं ते तिच्या ओळीपासून.

“आई,” तिने हाक मारली. “पेन्सिल आन बरं.”

चतुराबाई पदराला हात पुसत आली. प्रियदर्शनी बदामी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. रंगाऱ्याने खिळा काढला नव्हता, त्याच्यावरूनच ब्रश फिरवला होता. तिने डावं बोट खिळ्याला टेकवलं आणि उजवा हात होईल तेवढा लांब केला.

“ताठ राय. बाबा असते तं म्हनले असते, बोट वाकवू नको.” चतुराबाईने नव्या रंगावर एक बारीक उभी रेघ मारली, टेप लावली, चष्मा वर केला. “पाच पॉइंट एकतीस. झालं. हात खाली घे आता.”

प्रियदर्शनीने हात खाली घेतले नाहीत. ती तशीच हात पसरून, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत उभी होती.

“बाबा,” ती मोठ्याने म्हणाली, “चालते नाही. लय भारी हाय.”